आजीबाई ठेका धरतात

दिवाळी अंकातल्या माझ्या या पानावर दरवर्षी चिवडा मऊ का पडतो, पाडव्याला जावयाला काय द्यावे, असल्या प्रश्नांचा खल चालतो. यंदा ते सारे शेजारच्या पानांवर सोपवून मी एका व्हिडिओ गेमवर लिहिणार आहे. चष्मा पुसून पुन्हा वाचू नका, बरोबरच वाचलेत. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी तालाचा एक खेळ रोज खेळते, आणि मे महिन्यापासून आजपर्यंत त्यात माझी बऱ्यापैकी प्रगती झाली आहे. ती कशी झाली हे सांगण्यासारखे आहे. कारण पुण्यामुंबईच्या घराघरांतून मुले असले खेळ खेळतात, एका जागी अडतात, चिडतात, आणि आपण मोठी माणसे त्यांना 'डोळे बिघडतील हं' यापलीकडे काही सांगू शकत नाही.

या जातीच्या खेळांची कूळकथा फार जुनी नाही. १९९६ साली जपानमध्ये 'पारप्पा द रॅपर' नावाचा खेळ निघाला. त्यातला एक कुत्रा गुरूने म्हटलेले शब्द ठेक्यात परत म्हणतो. गुरूमागून शिष्याने म्हणायचे, म्हणजे आपली तालीमच की! पाठोपाठ १९९७ साली 'बीटमॅनिया' आला, १९९८ साली 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' आला. त्यात बोटांनी नव्हे, पायांनी बाण दाबायचे. २००५ साली अमेरिकेतून 'गिटार हीरो' आला. मी खेळते तो खेळ यांच्यामधला, २००१ साली जपानमध्येच निघालेला. नाव 'ताइको नो तात्सुजिन'. ताइको म्हणजे तिकडचा ढोल आणि तात्सुजिन म्हणजे वाकबगार माणूस. आपण 'ढोलाचा उस्ताद' म्हणू या.

गाणे सुरू झाले की पडद्यावर उजवीकडून डावीकडे रंगीत ठिपके सरकत येतात. डावीकडे एक वर्तुळ असते. ठिपका त्या वर्तुळात आला की त्याच क्षणी पडद्यावरच्या ढोलावर थाप मारायची. लाल ठिपका असेल तर ढोलाच्या मधोमध, निळा असेल तर काठावर. मोठा ठिपका आला तर दोन्ही हात एकदम. मला सर्वांत मौज वाटली ती याची की, तबल्याला बोल असतात तसे या जपानी ढोलालाही आहेत. लाल थापेला 'दोन्' म्हणतात आणि निळ्या थापेला 'का'. पायऱ्या चार: सोपी, साधी, अवघड, आणि चौथीचे नाव 'ओनी', म्हणजे राक्षस! प्रत्येक थापेला पडदा लगेच शेरा देतो: उत्तम, ठीक, नाहीतर चूक. परीक्षक कडक आहे, पण मागच्या गुणांचा राग धरीत नाही.

आता हा जपानी ढोल आमच्या माजघरात कसा आला ते सांगते. मुरगूड हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात, वेदगंगेच्या काठचे गाव. नगरपालिका आहे, कॉलेज आहे, सर पिराजीराव तलाव आहे. पण तालाची हौस मात्र पूर्वापार खेड्याची. कुस्तीच्या मैदानात हलगी, जत्रेत धनगरी ढोल, शाळेत लेझीम आणि देवळात भजन. आमचे 'हे' हायस्कुलात गणित शिकवीत आणि संध्याकाळी भजनी मंडळात तबला वाजवीत. गाव त्यांना गुरुजी म्हणते ते गणितासाठी की तबल्यासाठी, हे मला पंचेचाळीस वर्षांच्या संसारात उलगडलेले नाही. मी स्वतः त्या तबल्याच्या वाटेला कधी गेले नाही. भजन ऐकताना टाळी वाजवायची ती शेजारणीकडे पाहून.

फेब्रुवारीत ह्यांना अर्धांगाचा झटका आला. वेळेवर दवाखान्यात पोचलो म्हणून थोडक्यात निभावले. बोलणे आठवड्यात पूर्ववत झाले, महिन्याभरात पाय चालता झाला. डावा हात तेवढा मागे राहिला. बोटे हलत, पण हलवायची ठरवल्यावर काही वेळाने, जणू निरोप पोचायला मध्ये कुणाचा तरी हेलपाटा व्हावा लागतो. तबलजीचा डावा हात म्हणजे डग्गा. उजवा हात शाबूत होता, पण डग्ग्यावाचून तबला म्हणजे नुसती टिकटिक. ह्यांनी एके दिवशी दोन्ही भांडी माळ्यावर ठेवायला लावली. मंडळातली माणसे भेटायला येत, तेव्हा हे पावसापाण्याच्या गोष्टी काढीत. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी एक मऊ चेंडू दाबायला दिला होता आणि वाटाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायला सांगितले होते. दोन दिवस ते झाले. तिसऱ्या दिवशी चेंडू कपाटामागे सापडला. अमावस्येला आदमापूरच्या बाळूमामांच्या दर्शनाला जाणाऱ्यांची रीघ लागते. एका अमावस्येला रस्त्याने ढोल वाजत गेला. ह्यांचा उजवा हात पलंगाच्या कडेवर आपोआप चालू लागला. डावा मांडीवर तसाच पडून होता. त्याच्याकडे पाहून ह्यांनी उजवाही थांबवला. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बसले.

मेमध्ये नातू सुट्टीला आला आणि जाताना आपला जुना टॅबलेट 'आजी, तुला व्हिडिओ कॉलला' म्हणून ठेवून गेला. त्यात हा खेळ होता. दुपारी भांडी आवरली की मी तो लावून बसू लागले. तिसऱ्या दिवशी पलंगावरून आवाज आला,

"अगं, हात आधी पडतोय तुझा."

तीन महिन्यांत ह्यांच्या तोंडून तालाविषयी निघालेले हे पहिले वाक्य. मी मुद्दामच म्हटले, "आधी कसा पडेल? उलट माझी धावपळच होतेय."

"धावपळ होते म्हणूनच आधी पडतो. टॅबलेट पालथा ठेव."

आता या एका वाक्यात किती शास्त्र आहे पाहा. ठिपका वर्तुळात आलेला बघून मग हात उचलायचा म्हटले, तर उशीर ठरलेलाच. डोळ्यांनी पाहिलेले बोटांपर्यंत उतरायला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग जातो. कानांनी ऐकलेले थोडे लवकर उतरते. खेळाचा हिशेब त्याहून कितीतरी बारीक. सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातल्या दोन-चार भागांच्या आत थाप पडली तरच 'उत्तम'. म्हणजे ठेका पाहून किंवा ऐकून कुणी वाजवतच नाही. पुढची मात्रा कुठे येणार हे मनाशी धरून हात आधीच निघालेला असतो. शास्त्रज्ञांनी माणसांना टकटक करणाऱ्या यंत्राबरोबर बोट टेकायला सांगून हे मोजले आहे. बहुतेकांचे बोट टक वाजण्याच्या किंचित आधीच टेकते, आणि ज्यांना वाजवण्याची सवय आहे त्यांचे त्यामानाने कमी आधी. सुधारणा करायची ती या अंदाजात. बोटांची चपळाई पुढची गोष्ट.

म्हणून टॅबलेट पालथा. गाणे नुसते ऐकायचे आणि हाताने मात्रा धरायच्या. आठवडाभर ह्यांनी मला ठिपका दिसू दिला नाही! आपल्या तीनतालात सोळा मात्रा, चार-चारांचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला खाली, तिथे हात उलटा करून मोकळा सोडायचा. या खेळातली बरीचशी गाणी चाराच्या हिशेबाची असल्यामुळे केरव्याच्या आठ मात्रांत सहज बसतात. ह्यांचे म्हणणे असे की, नवशिक्या भरलेल्या जागी चुकत नाही, मोकळ्या जागी चुकतो. ठिपक्यांची गर्दी संपून पडदा रिकामा झाला की त्याला वाटते आता आपले काम नाही, आणि पुढच्या ठिपक्यावर तो घाईने झडप घालतो. तबल्यात खालीच्या भागात डग्गा गप्प असतो, पण मात्रा कुणी गाळत नाही. मी रिकाम्या जागी मोठ्याने 'एक दोन तीन चार' म्हणू लागले. शेजारच्या काकूंना वाटले मी गुडघ्यांचे व्यायाम करते. आठव्या दिवशी पडदा उघडला तेव्हा सोप्या पायरीवरचे जे गाणे मला निम्मेही जमत नव्हते, त्यात चारच चुका झाल्या.

याच सुमारास मुलाने पुण्याहून बिनतारी इअरफोन पाठवले. आवाज शेजाऱ्यांना नको, हा त्याचा विचार. ह्यांनी ते कानात घालून मला एक थाप मारायला सांगितली, दुसरी मारायला सांगितली, आणि काढून ठेवले. "आवाज मागून येतोय." खरेच होते. अशा इअरफोनला आवाज पोचवायला सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही जास्त वेळ लागू शकतो. एरवी गाणे ऐकताना ते कळत नाही; पण दोन-चार शतांशांच्या हिशेबात तो फरक म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा. हे मला नदीवरून समजावीत होते. वेदगंगेच्या काठी लांबवर एखादी बाई धुणे आपटत असते. कपडा दगडावर पडलेला आधी दिसतो आणि धप् असा आवाज मग येतो. शंभर मीटरला आवाज जवळजवळ सेकंदाचा तिसरा भाग घेतो. डोळे एक सांगतात आणि कान दुसरे. या खेळात असे झाले तर हात बिचारा कुणाचे ऐकणार? तेव्हा घरातले मूल अचानक बिघडले असे वाटले तर आधी इअरफोन पाहा; तारेचे वापरा, किंवा टॅबलेटचाच आवाज ठेवा. खेळाच्या मांडणीतही आवाज आणि चित्र यांचा मेळ पुढेमागे करण्याची सोय असते. तीही एकदा लावून घ्यावी.

डोळ्यांचे काम त्यानंतरचे. नजर वर्तुळावर खिळवून ठेवायची नाही. ती थोडी उजवीकडे, येणाऱ्या ठिपक्यांवर असावी. पोथी वाचणारा तोंडाने एक शब्द म्हणतो तेव्हा त्याचे डोळे पुढच्या दोन-तीन शब्दांवर असतात, तसे. ठिपके सरकण्याचा वेग वाढवण्याचीही एक सोय आहे, आणि ती विलक्षण आहे. वेग वाढवला की खेळ सोपा होतो! गाणे तेवढ्याच लयीत चालते, ठिपके मात्र एकमेकांपासून लांब पडतात. ढिगातले तांदूळ निवडता येत नाहीत, ताटात पसरले की खडा चटकन दिसतो, त्यातलाच प्रकार. सवय होईपर्यंत वेग थोडा थोडाच वाढवावा.

अडलेल्या जागेबद्दल ह्यांचा नियम गणिताच्या मास्तरांचा. सबंध गाणे पुन्हा पुन्हा वाजवून त्याच जागी पुन्हा पुन्हा पडण्यात अर्थ नाही. अडलेले पाच-सहा ठोके बाजूला काढायचे, तोंडाने 'दोन् दोन् का दोन्' असे म्हणायचे, मग मांडीवर अर्ध्या लयीत वाजवायचे, मग पडद्यावर. तबल्यात कायदा असाच बसवतात. आणि एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटे पुरेत. रात्री जे जमत नव्हते ते सकाळी जमते, याचे मला फार नवल वाटे. पण अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हेच दिसले. बोटांची ठरावीक चाल शिकलेली माणसे झोप घेऊन उठल्यावर ती अधिक झपाट्याने करू लागली. नुसते जागे राहून तेवढाच वेळ गेला तर तसे झाले नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांना जागवणाऱ्या आयांनी हे जरा लक्षात घ्यावे. (विषयांतर झाले, पण राहवले नाही.)

जूनमध्ये मी साध्या पायरीवर आले आणि तिथे अडकले. ठिपके दाट झाले की माझा एकटा उजवा हात पुरेना. हे पलंगावरून म्हणाले, "एकाच हाताने काय मारतेस? आलटून पालटून मार. डावा कुठे गेला?"

म्हणाले आणि गप्प झाले. मीही गप्प. गाणे आपले चालूच होते आणि पडदा एकामागून एक 'चूक, चूक' म्हणत होता. मग हे उठले, माझ्या डाव्या बाजूला येऊन बसले आणि डाव्या हाताची दोन बोटे त्यांनी पडद्यावर ठेवली. उजवी थाप माझी, डावी ह्यांची. एका ढोलाला दोन माणसे.

पहिल्या दिवशी ह्यांची एकही थाप जागेवर पडली नाही. सगळ्या उशिरा. पण सगळ्या सारख्याच उशिरा. हे माझ्या लक्षात आले नसते, ह्यांच्या आले. म्हणाले, "इअरफोनचीच गोष्ट आहे ही. निरोप मागून पोचतोय. मी आधी सोडून पाहतो." आणि हात पडायला हवा त्याच्या पुरेसा आधी ते तो सोडू लागले. किती आधी, हे कान सांगे. ज्या माणसाने जन्मभर पोरांना 'आधी मारू नकोस' म्हणून दटावले, तो आता हिशेबाने आधी मारीत होता! चौथ्या-पाचव्या दिवशी सोप्या पायरीवर 'ठीक' हा शेरा दिसू लागला. गंमत म्हणजे श्रावणाच्या आसपास त्यांच्या थापा लवकर पडू लागल्या. मी घाबरले. हे मात्र खूष, म्हणाले, "निरोप लवकर पोचायला लागलाय. आता सोडणे कमी करायला हवे."

याचा अर्थ खेळाने हात बरा केला, असे कृपा करून कुणी समजू नये. डॉक्टरांची औषधे चालू आहेत, ताईंचे व्यायाम चालू आहेत. चेंडूही आता कपाटामागे जात नाही. ताईंना हा खेळ दाखवला तेव्हा त्यांनी हरकत घेतली नाही, खांदा मात्र आखडू देऊ नका म्हणाल्या. जर्मनीत असल्या रुग्णांना बोटांसाठी विजेवरच्या पेटीचे पडदे आणि हातासाठी ढोलासारख्या थापपट्ट्या वाजवायला देऊन पाहिले होते. तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वाजवणाऱ्यांच्या हातांची हालचाल अधिक चपळ आणि सफाईची झाली, असे त्यात दिसले. पण प्रत्येकाचा झटका वेगळा आणि हात वेगळा. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी घरच्या माणसाला टॅबलेटपुढे बसवू नये.

शिवाय पडद्याला त्याची मर्यादा आहे, ती ह्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. काच कितीही जोराने किंवा हळू स्पर्शली तरी आवाज तोच. डग्ग्यावर मनगटाने दाब देऊन जी घुमक निघते ती काचेतून कशी निघणार? पडद्यावर वेळ शिकता येते, वजन नाही. हे बोलून झाल्यावर दोन दिवसांनी ह्यांनी स्टूल कुठे आहे विचारले. माळ्यावरून डग्गा तेवढा खाली आला. तबला वरच राहिला. संध्याकाळी अर्धा तास डग्ग्यावर एकच बोल, 'घे'. मी समोर बसून टाळी-खाली धरते. आता शेजारणीकडे पाहावे लागत नाही.

कोजागरीला मंडळाची माणसे आमच्याच अंगणात जमली. दूध आटत होते. पेटी लागली. तरुण पोरगा तबल्यावर बसला होता. मंडळातले सर्वांत वडील बुवा म्हणाले, "गुरुजी, डग्ग्यावर नुसता हात तरी ठेवा की. पोरगा उजवा सांभाळंल."

हे माझ्याकडे न बघता उठले आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. एका अभंगाला त्यांनी डग्गा धरला. सावकाश लय, भजनी ठेका. मला माझ्यापुरते सगळे दिसत होते: दुसऱ्या आवर्तनात एक थाप मागे पडली, चौथ्यात दोन. बाकी जागच्या जागी. अभंग संपता संपता लय चढली तेव्हा ह्यांनी हात काढून घेतला आणि डग्गा पोराकडे सरकवला. पोराने न थांबता दोन्ही घेतले. दुसऱ्या अभंगाला हे पुन्हा बसले नाहीत. पण दूध पिताना पावसापाण्याच्या गोष्टीही निघाल्या नाहीत. त्या पोराचा उजवा हात खालीनंतर कसा धावतो, यावर बराच वेळ बोलणे चालले होते.

खेळात आम्ही दोघे अजून 'साध्या' पायरीवरच आहोत. परवा एका गाण्याच्या शेवटचा मोठा लाल ठिपका, दोन्ही हात एकदम पडायला हवेत तो, ह्यांच्या डाव्या आणि माझ्या उजव्या हाताने 'उत्तम' झाला. 'अवघड' एकदा उघडून पाहिले आणि लगेच बंद केले. राक्षसाच्या दारात जायचा तर प्रश्नच नाही. नातू दिवाळीला येतोय आणि त्याने फोनवर सांगितले आहे की, टॅबलेट या खेपेस परत नेणार. मी सूनबाईंना कळवले आहे की, पाडव्याला मला साडी नको.